घसा दुखतोय, खरं दुखणं दुसरीकडं

वाचकांचे प्रश्न : कान, नाक, घसा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटी भागातल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. वय ४६. गेल्या जूनपासून, म्हणजे सात महिने झाले, घसा दुखतोय. सकाळी उठलं की घशात काटा रुतल्यासारखं वाटतं. दिवसभर खाकरायची सवय लागलीय. संध्याकाळी आवाज जड होतो आणि मान दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी दुखते, अगदी खांद्यापर्यंत. ताप नाही. जेवण नीट जातं, उलट जेवताना बरंच वाटतं. नुसती थुंकी गिळताना मात्र गोळा अडकल्यासारखं होतं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. मानेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी एक्स-रे काढून "मणका झिजलाय" म्हणून पट्टा दिला. गुळण्या, ज्येष्ठमध, रात्री हळद-दूध सगळं चालू आहे. आमच्या गल्लीतले एक काका घशाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हापासून झोप उडालीय. घरचे म्हणतात, डोक्यातनं काढून टाक. काढायला बघते खरं जात नाही. मला नेमकं काय झालंय?
(एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : बाई, (शाळेतल्या पोरांसारखं मीही तुम्हाला बाईच म्हणतो) पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात मोलाचं. जेवताना बरं वाटतं आणि थुंकी गिळताना अडकतं. अन्ननलिकेत गाठ वाढत असेल तर याच्या उलटं होतं. आधी भाकरीचा घास अडकतो, मग भात, मग पातळ आमटीसुद्धा. तुमचं तसं नाही. आज रात्री झोप लागावी म्हणून हे आधी लिहिलं. तपासणी टाळायची सूट म्हणून नव्हे, तपासणीचं पुढं सांगतो.

बेळगावात शहापूरला मी ३८ वर्षं दवाखाना चालवला. येणाऱ्यांत निम्मे मराठी, निम्मे कन्नड. एकजण म्हणायचा "गळा दुखतोय" आणि हात ठेवायचा मानेवर. दुसरी म्हणायची "मान धरलीय" आणि बोट जबड्याखाली. एखादी आजी "गंटलु, गंटलु" म्हणत छातीवर हात फिरवायची. शेवटी मी आणि माझ्या कंपाउंडरनं नेमच केला, नाव सांगू नका, एका बोटानं दाखवा. जो एकाच बाजूला, दर वेळी त्याच ठिकाणी बोट ठेवतो त्याच्याकडं मी जास्त निरखून बघायचो. जो सगळा गळा तळव्यानं चोळत "हितनं तितपर्यंत" म्हणतो, त्याला खुर्चीवर बसवून विचारायचो, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करता ते सांगा. तुमचा हात बहुतेक तळव्याचा असणार.

तुमच्या पत्राची मागची दोन पानं इथं छापली नाहीत, खरं दुखण्याचं मूळ त्याच पानांत आहे. (आमच्या भागात "खरं" म्हणजे "पण". पुण्याच्या संपादकांनी एकदा माझ्या लेखातले सगळे "खरं" खोडून टाकले होते. या वेळी राहू द्यावेत.) पहिली ते तिसरीची पोरं एकाच खोलीत. वर पत्रे. जून ते सप्टेंबर त्या भागात पत्र्यावर पाऊस असा पडतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, आणि तुम्ही त्यावर चढून बाराखडी सांगताय. पाऊस थांबला, आवाज मात्र खाली आला नाही. घरी आल्यावर मांडीवर वह्या, नाहीतर मान खाली घालून मोबाईलवर शाळेची माहिती भरणं. यजमान उद्यमबागेत दुसऱ्या पाळीला, ते अकराला येतात, त्यांच्यासाठी जेवायचं थांबता, आणि साडेअकराला आडव्या होता. यात दोन दुखणी आहेत आणि दोघी एकमेकींना धरून चालल्यात.

पहिलं दुखणं स्नायूंचं. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड आहे, कंठिकास्थी. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला ते सांध्यानं जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंवर लटकलेलं आहे. स्वरयंत्र त्याच्याखाली टांगलेलं. या हाडापासून स्नायू निघतात ते जबड्याला जातात, जिभेला जातात, छातीच्या हाडाला जातात, आणि एक तर थेट पाठीमागं खांद्याच्या फऱ्याला जाऊन चिकटतो. त्यामुळं ओरडून ओरडून गळ्याचे स्नायू आवळले की खांदा का दुखतो आणि वह्या तपासून मान आखडली की घसा का धरतो, हे वेगळं सांगायला नको. घशाचे डॉक्टर घसा बघतात, मानेचे डॉक्टर मान. मीही बरीच वर्षं तसंच केलं.

दुसरं दुखणं पोटातनं वर येतं. छातीत जळजळ, करपट ढेकर म्हणजे पित्त, एवढंच आपण धरून चालतो. पोटातलं आम्ल आणि त्यातला पाचक रस झोपेत थोडासा जरी घशापर्यंत आला, तरी स्वरयंत्राची नाजूक कातडी सुजते. अन्ननलिका जेवढं सोसते तेवढं ही सोसत नाही. म्हणून जळजळ काहीच नसते आणि घसा मात्र खवखवतो. सकाळी जास्त दुखणं, सारखं खाकरणं, गोळा असल्यासारखं वाटणं, ही त्याची चाल. खाकरलं की स्वरपडदे एकमेकांवर आपटतात, आपटले की आणखी सुजतात, सुजले की पुन्हा खाकरावंसं वाटतं.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. बावन्नाव्या वर्षी मला पाच महिने घशात गोळा होता. घशाचाच डॉक्टर, तरी घरच्या आरशासमोर टॉर्च घेऊन आ वासून उभा राहायचो. बायकोला सांगितलं नाही. मनातल्या मनात गाठीचं ठिकाण, टप्पा, ऑपरेशन कोण करणार, इथपर्यंत पोचलो होतो. शेवटी माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीनं दुर्बीण घातली आणि म्हणाली, "सर, मागच्या कडेला सूज आहे, बाकी काही नाही. रात्री किती वाजता जेवता?" साडेदहाला, दवाखाना बंद करून. येताना कधी भजी, घरी संकेश्वरी मिरचीचा ठेचा, आणि अकराला घोरायला सुरुवात. मान तर कपाळावर आरसा बांधून उजवीकडं वाकून वाकून कधीच वाकडी झाली होती. बायको एवढंच म्हणाली, "लोकांना सांगायचे पैसे घेता, घरात फुकट ऐकायचं नाही होय?"

तर आता काय करायचं. तुम्ही साडेसातला जेवा. यजमान आले की त्यांच्याजवळ बसा, वाढा, बोला, खरं तुम्ही जेवू नका. जेवण आणि झोप यांत तीन तास. हे एकच नीट पाळलंत तर निम्मं काम झालं, आणि हेच सगळ्यात अवघड, कारण यात सासूबाई काय म्हणतील तेही आलं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचला. दोन उशा घेऊ नका, त्यानं पोट दुमडतं आणि मान आणखी आखडते. झोपताना घेता ते हळद-दूध बंद. हळदीशी माझं भांडण नाही, झोपायच्या वेळी भरलेल्या पोटाशी आहे. दुपारनंतरचा तिसरा आणि चौथा चहा कमी करा. थंडगार वाटणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्याही नकोत. घसा बधिर होतो म्हणून आपण जास्त बोलतो, आणि पुदिन्याच्या अर्कानं पोटाच्या तोंडाची झडप सैल पडते. पित्ताची गोळी तुमच्या डॉक्टरांनी दिली तर ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. पुष्कळ लोक जेवून घेतात आणि गुण नाही म्हणतात. घशाला उतार पडायला दोन-तीन महिने लागतात. आणि उतार पडला की गोळी कधी थांबवायची तेही विचारा, वर्षानुवर्षं चालू ठेवू नका.

खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या, नाहीतर नुसता आवंढा गिळा. पहिले आठ दिवस जीव नकोसा होईल. वर्गात शिट्टी, टाळी, घंटा काहीही वापरा, पोरं गप्प झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कमरेला बांधायचा छोटा माईक मिळतो, शाळेनं नाही दिला तर स्वतः घ्या, औषधांवर घातलात त्यापेक्षा कमीच पैसे लागतील. पाऊस धो धो असेल तेव्हा पाटीवर लिहायला लावा. आवाज बसला म्हणून कुजबुजून बोलू नका. जोर लावून कुजबुजण्यानं पडद्यांना विश्रांती मिळत नाही, ताणच बसतो.

मानेचा पट्टा काढून ठेवा. चाळिशीनंतर एक्स-रे काढला की पुष्कळांचा मणका थोडा झिजलेला दिसतो, मान न दुखणाऱ्याचासुद्धा. पट्टा महिनोन्महिने बांधला की मानेचे स्नायू आळशी होतात. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान जितकी पुढं वाकेल तितका त्याचा भार मानेला जास्त. वह्या मांडीवर नको, टेबलावर, तेही खाली दोन पाट्या घालून उंच करून. दिवसातनं चार-पाच वेळा भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ आत घ्या, पाच आकडे मोजा, सोडा, असं दहादा. अंघोळीच्या वेळी गरम टॉवेल मानेवर ठेवून जबडा सैल सोडा आणि कंठाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच वरून खाली चोळा. एकाच वेळी दोन्ही बाजू दाबायच्या नाहीत. बेळगावात आवाजाचा व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ आहेत, एक-दोनदा जाऊन या. आणि यजमानांना सांगा, केस कापल्यावर न्हाव्याकडून मान कडकड मोडून घेत असतील तर ते आजपासून बंद. त्या झटक्यानं मेंदूला जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झालेले रुग्ण असतात. तुमच्याबद्दल विचारलंत खरं हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता तपासणी. दुर्बिणीनं एकदा घसा बघून घ्याच. पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही, बघणाऱ्याला आणि तुम्हालाही पडद्यावर दिसतं. सात महिने झालेत, तीन कोर्स झालेत आणि अजून कुणी आत बघितलेलं नाही, हे काही बरं नाही. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते आणि आठवड्यात जाते. तिला अँटिबायोटिक लागत नाही, आणि सात महिन्यांच्या दुखण्याला तर नाहीच. (तुमच्या वर्गातल्या पोरांचं वेगळं. ताप, गिळताना दुखणं, गळ्याला अवधाणं आणि सर्दी-खोकला नाही, असं पोर दिसलं तर डॉक्टरांकडं पाठवा. त्यातल्या एका जंतूवर वेळेत औषध पडलं नाही तर पुढं संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.) थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नाव दाखवा, "प्रिल" शेवटी असलेल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला आणि घशात खवखव होते.

क्वचित असं काही निघतं की कुणाच्या ध्यानातही येत नाही. नंदगडकडच्या एका दूधवाल्याला मोटारसायकलवर मागं वळून बघितलं की उजव्या घशात कळ यायची. एक दाढ काढून झाली, कळ तशीच. मी बोटानं टॉन्सिलची जागा चाचपली तर आत हाड लागलं आणि तो ओरडला, "हेच!" कानाखालून निघणारं सुईसारखं हाड साधारण अडीच सेंटिमीटरचं असतं, त्याचं वाढून टॉन्सिलला टोचत होतं. ईगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९३७ साली हे दुखणं मांडलं. हाड लांब असणारे पुष्कळ असतात, दुखणारे थोडे. तुमचं दोन्ही बाजूंना आहे, हे नसावं.

प्रश्न : आईचं वय ५८. निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळल्या, आधी काही वर्षं वखारीत तंबाखू चाळायला जायची. दोन महिने झाले उजव्या बाजूला घसा दुखतो, उजवा कान ठणकतो, आवाज घोगरा झालाय. मान वाकवून बसायचं काम, म्हणून आम्ही मानेचं समजलो. कानात थेंब घातले, गुण नाही. जबड्याखाली शेंगदाण्याएवढी गाठ लागते, दुखत नाही. मिश्री लावते, दिवसातनं तीनदा. गुळण्या कशाच्या कराव्यात?
(एक मुलगी, निपाणी)

उत्तर : ताई, गुळण्या नकोत. अंक तुमच्या हातात पडेल त्याच आठवड्यात आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं न्या. तुमच्या भागात नसतील तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात, सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाला.

कारण सांगतो. कान आणि घसा यांना मेंदूकडून येणाऱ्या नसा काही ठिकाणी एकच आहेत. घशाच्या आत दुखतं आणि मेंदूला वाटतं कान दुखतोय. डॉक्टरांनी कान बघून "कान तर स्वच्छ आहे" म्हटलं, तर घसा नीट बघितल्याशिवाय तिथून उठायचं नाही. नव्यानं दवाखाना टाकला तेव्हा अशाच एका बाईंना मी कानाचे थेंब देऊन घरी पाठवलं होतं. कान स्वच्छ होता आणि मी तिथंच थांबलो. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा गळ्यावर गाठ होती आणि जिभेच्या मुळाशी तिचं घर. तो कागद मी अजून ठेवलाय.

आईला तेच असेल असं मी म्हणत नाही. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला, एकाच बाजूला दुखतं, न दुखणारी गाठ आहे आणि तंबाखू आहे, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की वाट बघायची नसते. दुर्बीण होईल, गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतील, लागलं तर तुकडा. "सुई लावली की पसरतं" असं शेजारपाजारचे सांगतील, ते खोटं आहे. स्वरपडद्यावरची गाठ लवकर सापडली तर बहुतेक वेळा बरी होते, तिथं उशीर हाच शत्रू. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड आणि रेशनकार्ड सोबत न्या.

मिश्रीचं. निपाणीत मी तंबाखूविरुद्ध भाषण करणार नाही. १९८१ मध्ये शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसलेली माणसं तुमच्याच भागातली, त्या पिकावर घरं उभी राहिली हे मलाही ठाऊक आहे. खरं मिश्री म्हणजे दंतमंजन नव्हे, भाजलेला तंबाखूच तो. आईला ते कुणी सांगितलं नसेल. सुटायला त्रास होईल, तरी आजपासून डबी बाजूला. विड्या वळताना सूप मांडीवर न घेता खाली पाट घालून उंच करा आणि नाकातोंडाला ओला पदर. मानेला त्यानं आराम पडेल. घशाची तपासणी मात्र त्याच्यावर ढकलू नका.

प्रश्न : शिवजयंतीच्या चित्ररथात दोन वर्षं संवाद म्हणतोय. मिरवणूक झाली की महिनाभर आवाज नाही, घसा दुखतो. यंदा आधी काय घेऊ? कुणी कापूर सांगतं, कुणी लवंग.
(वय २२, बेळगाव)

उत्तर : रात्रभर डॉल्बीशेजारी उभं राहून ओरडल्यावर लवंग काय करणार? संवाद आधी रेकॉर्ड करा आणि रथावर नुसते ओठ हलवा, बरेच चित्ररथ तेच करतात. ते कमीपणाचं वाटत असेल तर संवाद दोघांत वाटून घ्या. कापूर पोटात जायचा नाही, विषारी आहे. आणि मिरवणुकीआधी एकदा दुर्बीण करून घ्या. दोन वर्षं महिना-महिना आवाज जातोय म्हणजे पडद्यावर घट्टा धरला असण्याची शक्यता आहे. लवकर कळलं तर पुष्कळदा नुसत्या आवाजाच्या व्यायामानं जातो.

प्रश्न : वय ५४, वडगावात यंत्रमाग आहेत. साखर आहे. दर रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चालत जातो. महिनाभर झाला, चढताना घसा आवळल्यासारखा होतो, जबडा आणि मानेत जडपणा येतो. थांबलो की पाच मिनिटांत जातो. मागावर बसून काहीच होत नाही. सुताच्या कस्पटानं घसा खराब झाला असेल का?
(एक वाचक, वडगाव)

उत्तर : अण्णा, कस्पटाचा घसा मागावर दुखला असता. चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, हे हृदयाचं दुखणं असू शकतं. छातीतच कळ येते असं नाही, घसा, जबडा, मान, डावा हात कुठंही येते, आणि साखर असणाऱ्याला तर ती पुष्कळदा ओळखूच येत नाही. माझ्याकडं "घसा" म्हणून आलेल्यांतल्या दोघांना मी घशात न बघताच हृदयाच्या डॉक्टरांकडं धाडलं होतं. दोघेही नंतर पेढे घेऊन आले, एकाला साखर होती तरी.

उद्याच हृदयाच्या डॉक्टरांकडं जाऊन ईसीजी काढा. तो नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, बसून काढलेला ईसीजी पुष्कळदा नॉर्मलच येतो. चढताना काय होतं ते जसंच्या तसं सांगा, म्हणजे ते पुढच्या तपासण्या करतील. बसल्या जागी, विश्रांतीतही आवळायला लागलं, घाम फुटला, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल, आणि गाडी स्वतः चालवायची नाही. या रविवारी गड नको.